दारातला माणूस

आमच्या बुऱ्हाणपुरात पाहुणा आला की त्याला असीरगड दाखवायचा, हे ठरलेलेच. वीसेक किलोमीटर तर रस्ता. मागच्या सुट्टीत पुतणी आली, तिलाही नेले. सूर्यास्ताच्या आत घरी येऊन जेवायचे असते, म्हणून दुपारचे ऊन असतानाच निघालो.

पोरगी चौदा वर्षांची. शाळेच्या संघात फुटबॉल खेळते आणि गोलकीपर आहे. गोलकीपर का? तर दुसरी कोणी तयार नव्हती म्हणून! आदल्या आठवड्यात संघाने तीन गोल खाल्ले आणि मैत्रिणींनी हिच्याशी बोलणेच टाकले. मधल्या मुलींनी चेंडू घालवला, मागच्या दोघी धावल्याच नाहीत, पण नाव झाले हिचे. "काकू, मी सोडणार आता," एवढेच ती गाडीत बोलली.

गडाच्या दरवाजाशी दम घ्यायला बसलो, तेव्हा तिला जसवंतराव लाड यांची गोष्ट सांगितली. असीरगड म्हणजे दख्खनचा दरवाजा. उत्तरेतून खाली यायचे तर सातपुड्याच्या या वाटेवर गडाची नजर. १८१९ साली गड दौलतराव शिंद्यांचा होता आणि जसवंतराव किल्लेदार. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांना गडाने आश्रय दिला, म्हणून इंग्रज चिडले. शिंद्यांनी इंग्रजांना वरवर सांगितले, गड देऊन टाकायला लावतो. किल्लेदाराने काही दिला नाही. मार्चमध्ये जनरल डव्हटन आणि सर जॉन माल्कम तोफा घेऊन आले, आणि ९ एप्रिलला गड पडला. पुढे आत खुद्द शिंद्यांचे पत्र सापडले. उघड हुकूम एक, आतून इशारा दुसराच. कंपनीने ते निमित्त करून गड कायमचा ठेवून घेतला. खेळी शिंद्यांची, पण शरण गेला म्हणून पुस्तकात नाव लागले ते किल्लेदाराचे.

"म्हणजे माझ्यासारखंच," पुतणी म्हणाली. मला हसू आले, पण तिचे काही चुकले नव्हते.

या गडापुढे लढायला आलेल्यांत स्कॉटलंडचे लोक बरेच होते. माल्कम स्वतः तिकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, सतरा भावंडांतला एक. (त्या माउलीचे मला फार वाटले.) याच माल्कमपुढे आदल्या वर्षी जूनमध्ये, याच गडाच्या परिसरात, दुसरा बाजीराव शरण आला होता. वेढ्यात रॉयल स्कॉट्स नावाची पलटण होती, तिचा लेफ्टनंट कर्नल फ्रेझर इथेच मारला गेला. त्या वेळी फुटबॉलचे नियमसुद्धा कागदावर आलेले नव्हते. पण पुढे सत्तर वर्षांनी, १८८८ मध्ये, सिमल्याला ड्युरंड कप सुरू झाला, तेव्हा अंतिम सामन्यात समोरासमोर उभ्या होत्या त्या दोन्ही स्कॉटिश पलटणीच. बंदुकांबरोबर या लोकांनी चेंडूही आपल्याकडे आणला, असे म्हणायला हरकत नाही.

आणि जगातला पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही त्यांच्याच गावचा. ३० नोव्हेंबर १८७२, ग्लासगोचे एक क्रिकेटचे मैदान, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. गोलाच्या वर आडवा दांडा नव्हता, नुसती फीत ताणलेली. स्कॉटलंडचे अकराही जण क्वीन्स पार्क या एकाच क्लबचे. त्यांचा कप्तान रॉबर्ट गार्डनर, आणि हा कप्तान गोलकीपर होता! सामना सुटला ० – ० वर. पुतणीला हे खरेच वाटेना. तिच्या शाळेत कप्तान म्हणजे गोल मारणारी.

मग मी तिला आपल्याकडचा कप्तान सांगितला. ब्रह्मानंद शंखवाळकर. नाव ऐकलेय का? नव्हते ऐकलेले. आमच्या घरी क्रिकेटपटूंच्या मावसभावांचीही नावे पाठ असतात, पण हे नाव नाही.

ब्रह्मानंद गोव्याच्या ताळगावचे, जन्म ६ मार्च १९५४. म्हणजे पोर्तुगीज गेले तेव्हा सात वर्षांचे. गोव्यात फुटबॉल पोर्तुगिजांनी आणला असे आपण धरून चालतो, पण १८८३ मध्ये तब्येत सुधारावी म्हणून शिवोलीला येऊन राहिलेल्या विल्यम लायन्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने तो तिथल्या मुलांना शिकवला. चर्चच्या शाळांतून खेळ गावोगाव गेला, आणि पुढे त्यात हिंदू घरांतली मुलेही तितक्याच ओढीने आली. ब्रह्मानंद त्यांतलेच. सत्तरच्या दशकात ते वास्कोच्या साळगावकर क्लबात आले आणि उमेदीची बहुतेक वर्षे त्याच क्लबाच्या गोलात उभे राहिले. त्याच दशकात भारताच्या संघातही गेले.

आता गोलकीपरचे एक दुखणे असते. पुढे खेळणाऱ्याला संघात चार जागा असतात, इथे नाही तर तिथे. गोलाच्या दारात मात्र जागा एकच. ब्रह्मानंदांच्या काळात बंगालचे भास्कर गांगुली होते, मागून अतनू भट्टाचार्य आले. सगळे एकाच दारासाठी. बाकावर बसायचे, सराव तेवढाच करायचा, आणि एखाद्या दिवशी "उतर" म्हटले की चूक न करता उभे राहायचे. अशातून ब्रह्मानंद १९८३ ते १९८६ भारताचे कप्तान झाले.

पण मला खरी गोष्ट सांगायची होती ती संतोष ट्रॉफीची. राज्याराज्यांतली ही स्पर्धा म्हणजे बंगालचे घरचेच कार्य. १९८३ मध्ये गोवा अंतिम फेरीत पोहोचला, तेही कलकत्त्यात, बंगालच्या अंगणात. सामना ० – ० सुटला. पुन्हा खेळवला, पुन्हा ० – ०. दोघांना मिळून ट्रॉफी दिली. गोव्याचे नाव त्या ट्रॉफीवर पहिल्यांदाच लागत होते. पुढच्या वर्षी मद्रासला गोवा पुन्हा अंतिम फेरीत आला, ब्रह्मानंद कप्तान. पंजाबला १ – ० हरवले आणि या खेपेस ट्रॉफी एकट्या गोव्याची. त्या अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. एकही नाही! घरी चार पाहुण्यांचा स्वयंपाक करताना एकदा तरी काही करपतेच माझे.

अर्थात श्रेय एकट्याचे नसते. पुढचे बचावपटू नीट उभे राहिले की मागच्याचे काम निम्मे होते. पण त्यांना उभे करायचे कोणी? सगळे मैदान समोर दिसते ते गोलकीपरलाच. बाकी दहांची पाठ त्याच्याकडे असते. म्हणून तो ओरडत असतो: डावीकडे बघ, मागे ये, सोड त्याला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हे ओरडणे येत नाही.

साळगावकर क्लबाने १९८८ आणि १९८९, लागोपाठ दोन वर्षे फेडरेशन कप जिंकला. ब्रह्मानंद चाळिशीच्या आसपासपर्यंत खेळले. १९९२ मध्ये तर गोलकीपरचा नियमच बदलला. आपल्या खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हाताने उचलायचा नाही, असे ठरले. वीस वर्षे हात शिकवले, आता उतारवयात पाय शिकवा! तेही त्यांनी निभावले. अर्जुन पुरस्कार १९९७ सालचा, खेळणे थांबल्यावरचा. पद्मश्री २०२२ मध्ये, वय सदुसष्ट. गोल मारणाऱ्याला टाळ्या त्याच मिनिटाला मिळतात. यांना सरकारी टाळी पोहोचायला इतकी वर्षे लागली, याचा मला अजून राग येतो.

ऊन कलले तसे आम्ही उठलो. उतरताना पुतणी कधी नव्हे ते माझ्या पुढे चालत होती. मध्येच थांबून तिने विचारले, "काकू, कलकत्त्याला त्या दोन्ही मॅचमध्ये समोरून पळत येणारे त्यांना काय काय बोलत असतील गं?"

मी म्हटले, बंगाली येत नसेल त्यांना, बरेच झाले.

घरी पोहोचलो तेव्हा सूर्यास्ताला अर्धा तास होता. मी पोळ्या टाकायला घेतल्या. ती गच्चीत गेली, आणि भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज यायला लागला. शेजारच्या बाईंनी हाक मारून विचारले, काय पडतेय हो? मी म्हटले, पडत नाहीये काही, अडवतेय.