आपली कुळे व आपली आडनावे



आडनाव विचारले असता लहान मूलही चटकन उत्तर देते. परंतु कूळ कोणते असे विचारले, की जाणते गृहस्थही विचारात पडतात. वस्तुतः आपल्या महादेव कोळी समाजात कूळ हे मूळ असून आडनाव ही त्याची शाखा होय. आडनावे निराळी असली तरी कूळ एक असल्यास सोयरीक होत नसे. म्हणूनच वडीलधारी मंडळी प्रथम कुळाची चौकशी करीत.

या कुळांची तपशीलवार नोंद कॅप्टन मॅकिंटॉश या लष्करी अधिकाऱ्याने १८३६ च्या सुमारास केली. त्याने एकंदर २४ कुळे सांगितली. कदम, केदार, दळवी, पवार, जगताप, क्षीरसागर ही त्यांपैकीच असून प्रत्येकीच्या पोटी अनेक शाखा आहेत. यांतील कित्येक नावे मराठा समाजातही आढळतात. यास्तव केवळ आडनावावरून जमात ठरवू पाहणाराची फसगत होते.

मॅकिंटॉश हेही स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातील एका कुळाचेच नाव. 'मॅक' म्हणजे पुत्र, व संपूर्ण नावाचा अर्थ 'नायकाचा पुत्र'. १७४६ साली कलोडनच्या लढाईनंतर लंडनच्या सरकारने तेथील कुळनायकांचे वंशपरंपरागत अधिकार काढून घेतले. तेच कुळनाव धारण करणारा पुरुष सह्याद्रीत आमच्या नाईकांचे बंड मोडावयास यावा आणि त्यानेच आमची कुळे लिहून ठेवावीत, हा इतिहासाचा विलक्षण योगायोग होय!

त्या बंडाचे एक पुढारी म्हणजे रामजी भांगरे. त्यांचे सुपुत्र राघोजी हे आपल्या राजूरनजीकच्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात त्यांना फाशी देण्यात आले. इंग्रजी कागदांत त्यांचे आडनाव 'भांगरिया' असे पडले. परंतु डोंगरातील माणसांनी 'भांगरे' हेच नाव जपले.

लेखणीच्या अशा चुकीचा मीही एक अपराधी आहे. शिक्षक असताना दोघा सख्ख्या भावांची नावे मी दाखल केली. थोरल्यास बापाने आणले, त्याने आडनाव सांगितले. धाकट्यास आजोबांनी आणले, त्यांनी कूळ सांगितले. मी तेच आडनाव म्हणून लिहिले. पुढे जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीत थोरला पार पडला. धाकट्यास मात्र आपण त्याचाच भाऊ आहोत हे सिद्ध करण्यासाठी हेलपाटे घालावे लागले, आणि हाताशी आलेली नोकरी गेली. तो मला एक शब्दही बोलला नाही. तेच मला अधिक लागले.

म्हणून प्रत्येक घरास विनंती आहे. कूळ, आडनाव, मूळ गाव व पणज्यापर्यंतची नावे एका वहीत लिहून ठेवा. जमातींची यादी १९५० साली घोषित झाली. त्यापूर्वीच्या शाळेच्या व जमिनीच्या नोंदी शोधून त्यांच्या नकला जपा. परक्याने आपली कुळे लिहिली. आता आपण आपली लिहू या.