पल्ल्याची कुळकथा

जालना जिल्ह्यात ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारात हरणांचा कळप उतरला की पहिला प्रश्न असतो, किती लांब आहेत? उत्तर मीटरमध्ये येत नाही. ‘हाकेच्या अंतरावर’, ‘गोफणीच्या टप्प्यात’ असं येतं. सूर्य किती वर आला हेसुद्धा आपण बैलाच्या दोरीनं सांगतो, दिवस कासराभर वर आला. हातातली वस्तू किंवा तोंडची हाक जिथवर पोचते, तेच माप. ‘पल्ला’ हा शब्द याच कुळातला. बाणाचा पल्ला, तोफेचा पल्ला, आवाजाचाही पल्ला.

पल्ला ओळखणं ही नजरेची विद्या होती. याच जिल्ह्यात केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांशी लढायला इंग्रज सेनापती वेलस्लीचं सैन्य केळणा उतरू लागलं, तेव्हा शिंद्यांच्या तोफांच्या एका गोळ्यानं वेलस्लीजवळच्या स्वाराचं मस्तक उडवलं. गोलंदाजाचा अंदाज असा पक्का असे.

पुढे हे काम यंत्राकडे गेलं. १८८८ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यानं पायदळासाठी अंतरमापक मागवला आणि लीड्सचे प्राध्यापक बार आणि स्ट्राउड कामाला लागले. आडव्या नळीच्या दोन टोकांतून दिसणाऱ्या प्रतिमा जुळवायच्या आणि कोनावरून अंतर काढायचं, अशी त्यांची रीत. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी लेझर पेटवला आणि कोनाची जागा वेळेनं घेतली. प्रकाशाचा क्षणिक झोत हरणावर जाऊन परततो, तेवढा वेळ यंत्र मोजतं. दीडशे मीटरवर जाऊन यायला त्याला सेकंदाचा दहा लाखावा भाग लागतो.

परदेशात शिकारी हे यंत्र खिशात बाळगतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण यंत्राला आपल्या रानात मोलाचं काम मिळालं आहे. व्याघ्रगणनेत वनरक्षक सरळ रेषेत दोन किलोमीटर चालतो, हरणं दिसली की होकायंत्रानं दिशा आणि या यंत्रानं अंतर टिपतो. लांबची जनावरं नजरेतून निसटतात. किती निसटली असतील, याचा हिशेब त्या अंतरांवरूनच लागतो.

निरीक्षणासाठी स्वस्तातलं यंत्र घेणाऱ्यानं एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खोक्यावर छापलेला मोठा पल्ला बहुधा चकाकत्या पाटीचा असतो. हरणाच्या अंगावरून प्रकाश कमी परततो, म्हणून हरणासाठीचा पल्ला वेगळा विचारावा आणि तोच खरा मानावा.

हरणांनी पीक खाल्लं तर शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. त्यानं पंचनामा करवून घेऊन वनखात्याकडे भरपाई मागावी. पल्ल्यात आलेल्या हरणाची मात्र नोंदच व्हावी.