भूल आणि वेदनाशमन : पशुवैद्यकातील एका भेदाचा इतिहास

शस्त्रक्रिया चालू असतानाची वेदना आणि ती संपल्यानंतरची वेदना यांतील भेद पशुवैद्यकाने फार उशिरा मनावर घेतला. मराठीत पहिलीच्या निवारणास ‘भूल’ हा घरगुती शब्द आहे. दुसरीसाठी ‘वेदनाशामक’ हा संस्कृत घडणीचा शब्द योजावा लागला. इंग्लंडमध्येही प्राण्यांसंबंधी १९१९ व १९५४ साली जे कायदे झाले, त्यांच्या नावांत भुलेच्या औषधांचाच निर्देश आहे. याचे कारण शोधावयास दूर जावे लागत नाही. भूल जनावराइतकीच सुरी धरणाऱ्यालाही हवी असते. जनावर स्थिर उभे राहते. नंतरची वेदना मात्र जनावर एकटेच भोगते, आणि मेंढीसारखा प्राणी तर ती सहसा दिसूही देत नाही.

१८८४ साली व्हिएन्ना येथे कार्ल कोलर याने कोकेनचा स्थानिक बधिरतेसाठी उपयोग करून दाखविला. स्वीडनमध्ये १९४३ साली लिडोकेन व १९५७ साली ब्यूपिव्हाकेन सिद्ध झाले. पहिल्याचा अंमल तासा-दोन तासांचा, दुसऱ्याचा त्याहून कित्येक तास अधिक. ‘किती वेळ?’ हा प्रश्न येथे प्रथमच मोजमापाचा झाला.

त्याची खरी कसोटी ऑस्ट्रेलियात लागली. मेरिनो मेंढीच्या शेपटीभोवतालच्या सुरकुत्यांत माश्या अंडी घालतात व अळ्या जिवंत मांस खातात. म्हणून तेथील कातडी कापून काढण्याची पद्धत पडली. जे. एच. डब्ल्यू. म्यूल्स या मेंढपाळाच्या नावावरून तिला ‘म्यूल्सिंग’ म्हणतात. (माणसाचे नाव अशा क्रियेला चिकटावे, हे भाषेचे काहीसे निष्ठुर औदार्यच!) कित्येक दशके हे कर्म औषधावाचून चालले. चालू शतकाच्या पहिल्या दशकात उघड्या जखमेवर फवारावयाचे मिश्रण तेथे प्रचारात आले. त्यात लिडोकेनची त्वरा व ब्यूपिव्हाकेनचा टिकाऊपणा एकत्र आणला असून, रक्तवाहिन्या आकुंचित करून औषध जागीच राखणारे अॅड्रिनॅलिनही घातलेले असते. तथापि जखम भरावयास आठवडे लागतात.

मेलॉक्सिकॅमसारखी दाहशामके याहून दीर्घ टिकतात. वासरांच्या शरीरात त्याचा अर्धायुकाल सुमारे एक दिवस असतो. परंतु जे शरीरात टिकते ते दुधात व मांसातही उतरू शकते, आणि त्यामुळे दुभत्या व खाद्य जनावरांसाठी अशा औषधांना मान्यता मिळणे कठीण जाते. अमेरिकेत वेदनानियंत्रणासाठी खाद्य जनावरांच्या औषधास पहिली मान्यता मिळाली ती २०१७ साली.

आपल्याकडे हा प्रश्न अनपेक्षित ठिकाणी उभा राहिला. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर लगेच मेले, तर त्याचे मांस खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानातील संशोधनाने दाखविले. २००६ साली भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. त्याच वर्षी गिधाडांस निर्धोक ठरले ते मेलॉक्सिकॅम. तेव्हा दीर्घ टिकणारे औषध तेवढ्यानेच घातक ठरते, असा ग्रह करून घेणे चुकीचे होय. उलट अॅसिक्लोफिनॅक हे निराळ्या नावाने गोठ्यात आलेले औषध गाईबैलांच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होते. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी यावयास मात्र २०२३ साल उजाडावे लागले.