जुहू बुडालं, की पुण्याला

जून उजाडला की बोरीत माणसं पश्चिमेकडं बघायला लागतात. बियाणं घरात येऊन पडलेलं असतं. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं की कोकणावर ढगांचा पांढराशुभ्र पट्टा दिसतो आणि कुणीतरी म्हणतं, "आलाय, पण घाटातच अडकलाय." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय.

अडकतो म्हणजे काय, ते नंतर कळलं. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि तिथंच रिता होतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या पुण्यात मात्र सातशेच्या आसपास. ज्या ढगांची आम्ही वाट बघायचो, त्याच ढगांशी नव्वद वर्षांपूर्वी काही वैमानिकांची गाठ पडायची. तीही चिमुकल्या विमानांतून.

१५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून इंपीरियल एअरवेजनं कराचीपर्यंत आणलेलं टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेलं. टाटांच्या नियमित हवाई टपालाची ही सुरुवात. विमान होतं पस मॉथ. एकच इंजिन, सुमारे १२० अश्वशक्तीचं, वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. रेडिओ नाही. वाट दाखवायला नकाशा, होकायंत्र, आणि खाली दिसणारे रूळ नि नद्या.

पण ऑक्टोबरात पाऊस ओसरलेला असतो. खरी परीक्षा होती पुढच्या जूनमध्ये.

पावसाळ्यात घाट ओलांडायचा तर तीन वाटा. ढगांच्या वरून जावं, तर मान्सूनचे ढग त्या विमानाच्या आवाक्याबाहेर चढलेले. खालून जावं, तर ढगाचा तळ डोंगरमाथ्याच्याही खाली आलेला, म्हणजे दरीत शिरणं आलं. अरुंद दरीत पुढची वाट बंद झाली, की वळून परतायलाही जागा पुरत नाही. तिसरी वाट ढगातूनच. तिथं शरीरच दगा देतं. क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते. विमान कलत जातं आणि वैमानिकाला वाटतं, आपण सरळच चाललोय. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० वैमानिकांना बाहेरचं दिसणार नाही अशी व्यवस्था केली. विमान ताब्याबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

मग टाटांच्या माणसांनी काय केलं? पहिलं म्हणजे जागा बदलली. जुहूचं मैदान म्हणजे चिखलाचा सपाट पट्टा. पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीला तो पाण्याखाली जायचा. त्यामुळं दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक असा सगळा संसार उचलून पुण्याला न्यायचा आणि येरवडा तुरुंगाजवळच्या माळावर मांडायचा. हा किस्सा जे. आर. डी. पुढं हसत हसत सांगायचे. कारण होतं समुद्राचं पाणी. पण नकाशा समोर ठेवला की आणखी एक फायदा दिसतो. पुणे ते बेल्लारी हा सगळा टप्पा पठारावरचा, पर्जन्यछायेतला. दक्षिणेकडं जाताना घाट आडवा येतच नाही. अहमदाबाद ते पुणे या टप्प्यात मात्र डोंगर चढणं उरतंच.

याच पुण्यात १९२८ साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून आलं होतं. त्या काळी वरच्या हवेतला वारा मोजायला हायड्रोजनचा फुगा सोडून दुर्बिणीनं त्याचा माग काढत. गंमत अशी, की आकाश भरून आलं की फुगा लगेच ढगात दिसेनासा व्हायचा. माहितीची गरज सर्वांत जास्त, तेव्हाच ती सर्वांत कमी.

तरीही १० ऑक्टोबर १९३३ला टाटांचं विमान कराचीला वेळेवर पोचलं, तेव्हा वर्षभराचा वक्तशीरपणा भरला शंभर टक्के. पावसाळ्यात पश्चिम घाटातला धोका वाढूनही एकदाही टपाल चुकलं नाही, अशी दाद सरकारी अहवालानं दिली. इंपीरियल एअरवेजनं आपली माणसं टाटांकडं शिकायला पाठवावीत, असा चिमटाही काढला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. 'शंभर टक्के' हा आकडा दिसला की आम्ही टाळ्या वाजवतो आणि मनातून जरा घाबरतो. काय पोचलं, ते आकडा सांगतो. पोचवताना किती वेळा जीव टांगणीला लागला, ते सांगत नाही. आमच्याकडं गडबड झाली की मागे फिरतात, त्याला रोलबॅक म्हणतात. वेळेत रोलबॅक करणाऱ्याचं कौतुक कधी होत नाही. 'वेळेवर' हीच एक मोजपट्टी असेल, तर ढगासमोर मागे फिरणारा वैमानिक त्या मोजपट्टीवर नापास ठरतो. आणि खरं तर त्याच क्षणी तो सर्वांत शहाणा असतो.

यंत्रं सुधारली म्हणून डोंगर हटत नाहीत. ७ जुलै १९६२च्या मध्यरात्री अलिटालियाचं डीसी-८ जेट मुंबईकडं येत होतं. रेडिओ होता, उपकरणं होती, कसलेले वैमानिक होते. पण आपण मुंबईच्या जेवढे जवळ आहोत असं त्यांना वाटलं, तेवढे ते नव्हते. पावसाळी अंधारात विमान लवकर खाली आलं आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण गेले. पस मॉथवाल्याला आपल्याला दिसत नाही हे तरी ठाऊक असायचं. इथं आपण कुठं आहोत याची चुकीची खात्री होती.

ढगही आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आज बारामती, धुळे, गोंदिया इथं एका इंजिनाच्या विमानांवर मुलं-मुली उडायला शिकतात. हातात रडारचं चित्र आहे, जीपीएस आहे. तरी समोर ढग भरून आल्यावर जायचं की परतायचं, हे ठरवायला माणूसच लागतो.

परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तरी पहिल्या सरीला तिफण जुंपणारे असतातच. आमच्याकडची जुनी माणसं मात्र माती मुठीत दाबून बघतात आणि आणखी चार दिवस थांबतात. घाई नडली तर शेतकऱ्याला दुबार पेरणी करता येते, कर्ज काढून का होईना. वैमानिकाला दुबार पेरणी नसते.