कोड-मांडणी, निर्मित अहवालातील

संख्याशास्त्रीय लेखन आणि ते सिद्ध करणारा कोड एकाच फाइलमध्ये ठेवून तिच्यातून अहवाल तयार करताना, तो कोड वाचकासमोर कोणत्या रूपात छापला जावा हे ठरवणारी व्यवस्था. या नोंदीत मुख्यतः आर भाषेतील निटर या पॅकेजाचा विचार केला आहे.

प्रोग्रॅम हा माणसाने वाचायचा मजकूर आहे, ही भूमिका डोनाल्ड कनूथ यांनी 1984 च्या लेखात मांडली. आरमध्ये ती 2002 च्या सुमारास फ्रीडरिश लाइश यांच्या स्वीव्ह या साधनातून आली. यिहुई शिए यांनी आयोवा स्टेट विद्यापीठात शिकत असताना 2011 मध्ये निटरचे काम सुरू केले. स्वीव्हमध्ये जे करायला वेगवेगळ्या पुरवण्या जोडाव्या लागत, ते निटरमध्ये कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या, म्हणजे चंकच्या, माथ्यावर पर्याय लिहून साधते. ‘इको’ बंद केला की कोड चालतो पण छापला जात नाही. त्याला आकडे दिले तर तेवढीच विधाने दिसतात.

खरा पेच ‘टायडी’ या पर्यायात आहे. कोड नीटनेटका करण्याची जुनी रीत अशी, की आरने तो आधी वाचून त्याची व्याकरणिक रचना काढायची आणि त्या रचनेवरून मजकूर पुन्हा लिहायचा. या फेऱ्यात कमेंट गळतात, कारण आरच्या लेखी त्या विधानाचा भागच नसतात. लेखकाने मुद्दाम केलेली मांडणीही जाते. समजा, कोणी तीन बाय तीनचे मॅट्रिक्स लिहिताना नऊ आकडे तीन ओळींत, एकाखाली एक येतील असे बसवले आहेत. पुनर्लेखनानंतर ते नऊही एकाच ओळीत येतात आणि मॅट्रिक्सचे चित्र पुसले जाते. स्वीव्ह पूर्वी मूलतः असाच वागत असे. पुढे मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवणे हा त्याचा नियम झाला. निटरचा प्रवासही तसाच: आरंभी टायडी आपोआप चालू असे, नंतर तो बंद ठेवण्यात आला. हा बदल योग्यच होता. ज्याने काळजीपूर्वक लिहिले त्याचे लेखन यंत्राने विसकटण्यापेक्षा, ज्याने गचाळ लिहिले त्याने स्वतः टायडी चालू करावा हे बरे.

टायडी चालू केल्यास काम शिए यांच्याच फॉर्मॅटआर पॅकेजाकडे जाते. कमेंट वाचवण्याची त्याची युक्ती गमतीदार आहे: कमेंटची ओळ तात्पुरती अवतरणात घालून तिला साध्या मजकुराचे सोंग दिले जाते आणि पुनर्लेखन संपल्यावर सोंग उतरवले जाते. अर्धवट राहिलेल्या विधानाच्या मध्येच आलेल्या कमेंटपाशी मात्र ही युक्ती दीर्घकाळ अडत असे. नीटनेटके करणे फसले तर निटर इशारा देऊन मूळ कोड छापतो.

ओळीच्या लांबीवरून सर्वाधिक गोंधळ होतो. ‘विड्थ कटऑफ’ 60 दिला म्हणजे एकही ओळ 60 अक्षरांपुढे जाणार नाही, असे वापरणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात आरचा पुनर्लेखक ही किमान मर्यादा मानतो: 60 अक्षरे भरल्यावर तो ओळ तोडण्याची जागा शोधू लागतो, त्यामुळे 70 अक्षरांची ओळही सहज निघते. ही मर्यादा 20 ते 500 मध्येच देता येते. फॉर्मॅटआरच्या पुढच्या आवृत्त्यांत कमाल मर्यादा पाळायला लावण्याची सोय आली. टायडीला ‘स्टायलर’ हे मूल्य दिले तर मोकळ्या जागा व कंस एका शैलीत येतात, पण लांब ओळी तुटत नाहीत. पीडीएफ अहवालात त्या समासाबाहेर पळतात; त्यावर लाटेकमधील एफव्हीएक्स्ट्रा हे पॅकेज उपयोगी पडते. 2022 मध्ये आलेल्या क्वार्टो या प्रकाशन-प्रणालीत एचटीएमएलसाठी लांब ओळ आडवी सरकवायची की खाली वळवायची, हे एका पर्यायाने ठरते. काही न सांगितल्यास ती सरकते.

उत्तरांच्या ओळींपुढे निटर दोन ## चिन्हे घालतो. वाचकाने कोड आणि उत्तर एकत्र उचलून आरमध्ये चिकटवले तरी उत्तरे कमेंट ठरून अडथळा होत नाही. आरच्या खिडकीतले > हे चिन्ह मूलतः गाळण्याचे कारणही हेच. हौसेने ते परत आणणारे वाचकाला प्रत्येक ओळ साफ करायला लावतात.

मराठीत कमेंट लिहिणाऱ्यांसाठी अडचण निराळी. पीडीएफसाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक वापरूनही, कोडसाठी नेमलेल्या समान रुंदीच्या टंकात देवनागरी नसेल तर अक्षरे उमटतच नाहीत. तो टंक वेगळा नेमावा लागतो. शिवाय ‘क्षि’सारखे एक दिसणारे अक्षर संगणकाच्या लेखी चार चिन्हांचे असते, म्हणून कमेंट एकाखाली एक याव्यात यासाठी जागा सोडून हाताने बसवलेले रकाने देवनागरीत जुळत नाहीत. कमेंट कोडच्या वरच्या ओळीत लिहिल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.