भाषावर्गातील मौन : भाषिक चिंतेपासून मानसिक सुरक्षिततेपर्यंत (१९७६ ते १९९९)

प्रस्तावना :
विद्यापीठात परकी भाषा शिकणारा विद्यार्थी वर्गात गप्प का बसतो, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ त्याच्या आळसात किंवा बुद्धीच्या मर्यादेत शोधले गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे उत्तर कसे बदलले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
१९५० व १९६० च्या दशकांत अमेरिकेत श्रवण-भाषण पद्धतीचे प्राबल्य होते. चूक म्हणजे जडू पाहणारी वाईट सवय. ती तत्काळ सुधारावी, असा तिचा दंडक होता. शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स करन यांनी १९७६ च्या ग्रंथात समुपदेशनाधारित पद्धती मांडली. तीत विद्यार्थी वर्तुळात बसत, शिक्षक बाहेर उभा राही. विद्यार्थी स्वभाषेत बोले. शिक्षक त्याचे भाषांतर हळूच सांगे आणि विद्यार्थी ते मोठ्याने उच्चारी.

१९८३ च्या उन्हाळ्यात टेक्सास विद्यापीठात परकी भाषा शिकणाऱ्यांसाठी आधारगट योजण्यात आले. माहिती दिलेल्या २२५ विद्यार्थ्यांपैकी ७८ जणांनी सहभागाची इच्छा दर्शविली. प्रवेश मात्र तिसांनाच देता आला. येत असलेले व्याकरणही ऐनवेळी आठवत नाही, अशी व्यथा विद्यार्थ्यांनी मांडली. या अनुभवांच्या आधारे एलेन हॉरविट्झ, मायकेल हॉरविट्झ व जोआन कोप यांनी १९८६ मध्ये ३३ विधानांची भाषिक चिंतामापनश्रेणी प्रसिद्ध केली. मौनामागील भीती त्यामुळे मोजता येऊ लागली; मोजमापाचे एकक मात्र एकटा विद्यार्थीच राहिला.

पुढचा टप्पा भाषावर्गाबाहेर, कार्यस्थळांच्या अभ्यासात आढळतो. विल्यम कान यांनी १९९० मध्ये सुरक्षिततेची भावना ही मनःपूर्वक सहभागाच्या तीन अटींपैकी एक मानली. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील ५१ कार्यगटांच्या अभ्यासातून मानसिक सुरक्षितता ही व्यक्तीची नव्हे, तर गटाची सामायिक धारणा असल्याचे प्रतिपादन केले.

निष्कर्ष :
भीती विद्यार्थ्याची मानली तर उपाय त्याच्यावर होतो. सुरक्षितता गटाची मानली तर सहाध्यायांचे हसणे आणि शिक्षकाची चूक सुधारण्याची रीत यांचीही तपासणी करावी लागते. मात्र कार्यस्थळावरील संकल्पना वर्गात जशीच्या तशी आणता येत नाही. भाषा शिकताना चूक अटळ असते आणि तिचे गुण कापणाराही बहुधा तोच शिक्षक असतो. म्हणून सरावातील चूक व परीक्षेतील चूक यांत स्पष्ट भेद करणे आवश्यक ठरते. मानसिक सुरक्षितता म्हणजे मूल्यमापनातील शिथिलता नव्हे. परंतु प्रत्येक उच्चार हीच परीक्षा ठरली, तर विद्यार्थी मौनच पसंत करील.