गॉगलवरचं नाव आणि गॉगलमधली काच

हा भाग ऐकताना डोळ्यांवर गॉगल असेल, तर जरा काढा आणि काडीच्या आतल्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा. एखादं मोठं नाव? की कधीच न ऐकलेलं? फारसं नाव नसलेल्या छोट्या ब्रँडचा गॉगल घ्यावा का, डोळ्यांना काही होणार नाही ना, ही शंका बऱ्याच जणांना असते. उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ, पार विलायतेतल्या काचेच्या भट्ट्यांपर्यंत.

शंभरेक वर्षांपूर्वी तिथे भट्टीसमोर उभं राहून काम करणाऱ्या कामगारांना मोतीबिंदू व्हायचा. रॉयल सोसायटीने त्यासाठी समिती नेमली आणि १९०९ पासून विल्यम क्रुक्स हे रसायनशास्त्रज्ञ त्या कामाला लागले. वय पंच्याहत्तरच्या पुढे! वेगवेगळ्या धातूंची संयुगं काचेत मिसळून त्यांनी तीनशेच्या वर मिश्रणं करून पाहिली. सेरियम घातलेल्या काचा अतिनील किरण अडवायच्या, आणि त्यातल्या काही अगदी फिकट होत्या.

म्हणजे काचेचा काळेपणा वेगळा आणि संरक्षण वेगळं. आपण फसतो ते इथेच. काळ्या काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते. काच अतिनील किरण अडवत नसेल, तर ते आत आणखी शिरतात. कॉलेजात असताना फुटपाथवरून घेतलेला काळाकुट्ट गॉगल घालून मी दोन उन्हाळे मिरवलोय. वाटायचं, जितका काळा तितका भारी!

आता नावांकडे येऊ. १९२९ मध्ये सॅम फॉस्टर यांनी अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर स्वस्त गॉगल विकायला काढले. १९३७ मध्ये बॉश अँड लोंब या कंपनीने वैमानिकांच्या धाटणीचा गॉगल रे-बॅन नावाने बाजारात आणला. रे म्हणजे किरण, बॅन म्हणजे बंदी. काचेच्या कामावरूनच पडलेलं नाव.

पण नाव विकताही येतं. इटलीत अनाथालयात वाढलेल्या लिओनार्दो देल वेक्कियो यांनी १९६१ मध्ये आगोर्दो या डोंगरातल्या गावी चष्म्याचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली. कंपनीचं नाव लक्सॉटिका. १९९५ मध्ये तिने पेर्सोल घेतलं, १९९९ मध्ये ६४ कोटी डॉलर मोजून रे-बॅन. २००१ मध्ये सनग्लास हट ही दुकानांची साखळीच घेतली. झालं! बनवणारा तोच, विकणाराही तोच. ऑकली तेव्हा स्वतंत्र होती आणि तिचे गॉगल याच दुकानांत मोठ्या प्रमाणात खपायचे. दरांवरून बिनसलं, ऑर्डरी घटल्या, शेअर कोसळला. पुढे समेट झाला खरा, पण २००७ मध्ये ऑकलीही लक्सॉटिकाच्याच घरात गेली. प्राडा, शनेल या नावांचे गॉगलही हीच कंपनी परवाना घेऊन बनवते. म्हणजे दुकानात दहा नावांतून आपण निवडतो तेव्हा कित्येकदा एकाच घरातली भावंडं निवडत असतो. यांचा माल वाईट असं मी म्हणत नाहीये. पण किमतीत नावाचे पैसे असतात, ते धरून चाला.

याच्या अगदी उलट गोष्ट जपानमधल्या फुकुईची. बर्फाचा प्रांत, हिवाळ्यात शेती ठप्प. १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन यांनी बाहेरून कारागीर बोलावून गावच्या शेतकऱ्यांना चष्म्याच्या फ्रेम करायला शिकवलं. कारागिरांचे गट पडले, त्यांच्यात चढाओढ लागली आणि हा धंदा शेजारच्या साबाए गावात पसरला. टायटेनियमच्या फ्रेमही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच घडल्या. आज जपानात बनणाऱ्या फ्रेमपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त या भागातल्या असतात. परदेशातले काही छोटे ब्रँडही इथूनच फ्रेम करून घेतात.

म्हणून अनोळखी नाव दिसलं की मी आधी बघतो, फ्रेम कुठे बनली ते सांगितलंय का. जो सांगतो त्याच्याशी पुढचं बोलणं. आणि हो, ‘इटलीत डिझाइन केलेलं’ म्हणजे इटलीत बनलेलं नव्हे!

मग काच. यूव्ही ४०० हवं, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. कित्येक गॉगलांवर गडदपणाच्या श्रेणीचा आकडाही असतो. कडक उन्हाला ३ पुरे. ४ फारच गडद, तो घालून गाडी चालवायची नाही. पण लिहायला काय, कोणीही काहीही लिहितं. म्हणून यूव्ही मीटर असलेल्या चष्म्याच्या दुकानात तपासून घ्या, मिनिटभराचं काम आहे. तिथे नापास झाला तर नाव कितीही मोठं असो, परत करा.

राहिलं पोलराइज्ड. एडविन लँड यांनी शोधलेल्या त्या पडद्याने पाण्यावरची, रस्त्यावरची चकाकी कापली जाते, पण अतिनील किरणांचा हिशेब वेगळाच. शिक्का खरा आहे का, हे बघायला मात्र मीटर लागत नाही. गॉगल साध्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांसमोर धरा आणि हळूहळू फिरवा. एका कोनात सगळं काळं पडलं, तर खरा. कॅल्क्युलेटर कुठून आणायचा म्हणता? दुकानदाराच्या गल्ल्यावर असतोच की!